म्हशीची कास आणि माझी गाठ

पहाटे साडेचारला मी गोठ्यात असते. धारेला बसण्याआधी प्रत्येक म्हशीच्या कासेवरून हात फिरवायचा, ही आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात लावलेली सवय. कोमट पाण्याने कास धुवायची, चारही सड एकेक करून चाचपायचे, पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या फडक्यावर मारून बघायच्या. फडक्यावर गाठी दिसल्या, कास गरम किंवा घट्ट लागली, तर दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार, सुरू झाली समजायचं आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायचा. हयगय झाली तर सड जातो, तो कायमचा. सत्तावीस वर्षांत असे किती सड माझ्या बोटांनी वाचवले त्याची मोजदाद नाही.

स्वतःच्या अंगावरून तसा हात मी एकदाही फिरवला नव्हता.

२०२२ ची भोगी. त्या दिवशी तीळ वाटून अंगाला लावून न्हायचं असतं. डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे, तिळाच्या वाटणाखाली काहीतरी कडक लागलं. सुपारीएवढं. दाबलं तर दुखेना. सरकवून बघितलं तर फारसं सरकेना. चंद्रीच्या कासेत असं लागलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. इथे मी चार तांबे पाणी अंगावर घेतलं, साडी नेसले आणि तीळ लावलेल्या भाकऱ्या थापायला बसले.

महिनाभर कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? जनावराच्या त्या अवयवाला आमच्याकडे कास आहे, सड आहे, थान आहे, चारचौघांत खुशाल बोलतात. बाईच्या त्याच अवयवाला सासऱ्यांसमोर, दिरासमोर, एवढंच काय नवऱ्यासमोरही उच्चारता येईल असा एक शब्द नाही. 'स्तन' पुस्तकात असतो. 'छातीत गाठ आहे' म्हणावं तर हे म्हणणार, कार्डिओग्राम काढून घेऊ. शेवटी एका रात्री मी यांचा हात धरून तिथे ठेवला. हे उठून बसले. "कधीपासून?" म्हणाले. मी म्हटलं, "संक्रांतीपासून."

दुसऱ्या दिवशी बाजारगावातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर आमचे नेहमीचेच, घरातल्या तापखोकल्याला आम्ही त्यांच्याकडेच जातो. त्यांनी ब्लाऊजवरूनच दोन बोटं टेकवली आणि विचारलं, "दुखतं?" मी नाही म्हटलं. "मग चरबीची गाठ आहे. दुखत असती तर काळजी होती." पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन मी हलक्या मनाने परत आले. त्यांना एकट्याला दोष देत नाही, कारण मला तेच ऐकायचं होतं. नेमकं उलटं असतं हे मला नंतर कळलं. पाळीच्या आधी दोन्हीकडे जडपणा येतो, दुखतं, त्यामागे बहुतेकदा काही वाईट नसतं. आणि ही गाठ सुरुवातीला बहुतेकींना दुखत नाही. बोंडं दुखली, अंग ठणकलं की बाई दवाखाना गाठते. न दुखणाऱ्या गाठीला घेऊन ती खुरपायला जाते.

मी तेच केलं. शेजारच्या काकूंनी सांगितलेला हळद-चुन्याचा लेपही लावला पंधरा दिवस. कातडी तेवढी सोलली.

मार्चमध्ये चंद्रीच्या एका सडाला दगडीची लक्षणं दिसली. सकाळी दिसली, दुपारी डॉक्टर आले, संध्याकाळी औषध सुरू झालं. माझ्या गाठीचा तेव्हा तिसरा महिना चालू होता.

मे महिन्यात आशाताई आली. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरायचा असतो तिला. ती भावकीतलीच सून, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ओसरीवर आत्याबाई शेंगा फोडत बसलेल्या, मी बाजूला. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, असं करत करत ती पुढच्या रकान्यावर आली आणि शिरगणतीला आल्यासारखं एका दमात वाचून गेली, "स्तनात गाठ, बोंडातून रक्त येणं, आकारात फरक?" आत्याबाईंचा शेंगेवरचा हात थांबला. मी म्हटलं, "नाही." तिने नाहीवर खूण केली आणि चप्पल घातली. ती पार वेशीच्या मारुतीपर्यंत पोचल्यावर मी मागून पळत गेले. म्हटलं, "ए, तो मघाचा प्रश्न. तिथे हो कर."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, पेनाने खाडाखोड केली आणि मला तशीच उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी दार लावलं, पडदा ओढला, ब्लाऊज काढायला सांगितला आणि दोन्ही हात वर करायला लावले. हात वर करताच डाव्या बाजूची कातडी एका जागी आत ओढली गेली, खळी पडल्यासारखी. त्यांनी भिंतीवरच्या आरशात मला दाखवलं. मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्या घरात आरसा आहे तो कुंकू लावण्यापुरता, तळहाताएवढा. कमरेपर्यंतचं स्वतःचं अंग बघायचं म्हटलं तर आमच्या घरात सोयच नाही. मग त्यांनी तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, गोल गोल फिरवत सगळीकडे चाचपलं, काखेतही. म्हणाल्या, "ताई, हे मी ठरवू शकत नाही. पण थांबायचं नाही आता."

कराडला मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. मॅमोग्राफीबद्दल बायका फार भीती घालतात. दोन पाट्यांमध्ये धरून दाबतात, काही सेकंद कळ येते, सुटते. एका बाजूचे दोन-दोन फोटो. तरुण बायकांची घडण दाट असते, त्यामुळे फोटोत सगळंच पांढरं दिसतं आणि गाठ लपते, म्हणून सोबत सोनोग्राफी करतात, असं तिथल्या बाईने समजावलं. रिपोर्टवर बायरॅड्स ५ असं लिहिलं होतं. पाच म्हणजे पाचपैकी पाच असं वाटून यांना क्षणभर बरं वाटलं होतं, हे ते आजही सांगतात आणि हसतात. पाच म्हणजे कॅन्सरची दाट शंका. मग जागा बधिर करून जाड सुईने तुकडे काढले. दर तुकड्याला खटकन आवाज येतो, कागदाला पिन मारल्यासारखा. आठवड्याने उत्तर आलं.

हे दवाखान्याबाहेरच्या कट्ट्यावर बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "म्हशी विकाव्या लागतील का गं?" मला तेव्हा राग आला होता. आता कळतं, त्या माणसाला तेवढंच विचारता येत होतं.

म्हशी विकाव्या लागल्या नाहीत. आमचं केशरी रेशनकार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो, रेडिएशन बसलं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, पुढे ती पाच लाखांची झाली. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तिथे गाडी अडते. माझ्या एका कागदावर माहेरचं नाव होतं. त्या एका नावापायी यांनी तहसीलच्या तीन फेऱ्या मारल्या. म्हणून ओळखीतल्या प्रत्येकीला मी सांगते, आजार येवो न येवो, कागदांवरची नावं आधी एकसारखी करून ठेव.

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला गेलो. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासूनचं. बाहेरच्या फुटपाथवर जी माणसं पथारी टाकून राहतात, ती बघूनच माझे पाय लटपटले. बंगाली, बिहारी, ओडिया, आपल्याकडची. फाईल काढायची, फाईलचा नंबर पाठ करायचा, कारण पुढे तुम्ही त्या नंबरानेच ओळखले जाता. सकाळी सातला रांगेत लागलेली मी दुपारी दोनला आत गेले. आतल्या डॉक्टर मुलीने मात्र घाई केली नाही.

तिने विचारायला सुरुवात केली. पाळी कितव्या वर्षी आली? तेराव्या. लग्न? एकोणिसाव्या. पहिलं बाळंतपण? एकविसाव्या. अंगावर किती पाजलं? दोघांनाही दोन-दोन वर्षं. पाळी अजून आहे का? आहे. हार्मोनच्या गोळ्या घेतल्या? नाही. दारू? मी नुसतीच बघत राहिले. वजन? तिने स्वतःच केलं, त्रेपन्न किलो. घरात कुणाला कॅन्सर? नाही.

मी विचारलं, "मग मला का झालं?" ती म्हणाली, "लवकर पाळी, उशिरा पाळी जाणं, पहिलं मूल तिशीनंतर किंवा मूलच नसणं, अंगावर न पाजणं, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, दारू, जवळच्या नात्यात कुणाला असणं, या गोष्टींनी धोका वाढतो. पण यातलं काहीच नसलेल्या पुष्कळ बायका रोज इथे येतात. बाई असणं आणि वय वाढणं, यापेक्षा मोठं कारण नाही." गावात माझ्या आजाराची वेगळी कारणं निघाली होती. मोबाईल ब्लाऊजमध्ये ठेवते म्हणून. काळी बॉडी घालते म्हणून. गरोदर म्हशीला लाथ मारली असेल म्हणून. मी म्हशीला कधी लाथ मारलेली नाही, चंद्रीने मला दोनदा मारलीय.

त्या रात्री दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पडले होते. बाहेरगावच्या पेशंटना तिथे आसरा मिळतो. झोप येईना. घरात कुणाला कॅन्सर, नाही. हे उत्तर मला टोचत होतं. मला धाकटी मावशी आठवली. मी सातवीत असताना ती गेली. छातीला गळू झालं आणि ते चिघळलं, असं आम्हा पोरींना सांगितलं होतं. तिच्या खोलीत आम्हाला जाऊ द्यायचे नाहीत. वास यायचा एवढं आठवतं. सकाळी आईला फोन लावला. विचारलं, "आई, मावशीला नक्की काय झालं होतं?" आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुला झालंय तेच. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. तुमची लग्नं व्हायची होती, म्हणून कुणाला बोलले न्हाय." मावशी तेव्हा अडतीस वर्षांची होती.

पस्तीस वर्षं ते गळूच राहिलं होतं आमच्या घरात. आईला त्या फोनवर मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

डॉक्टर मुलीला जाऊन सांगितलं तेव्हा तिने फाईलवर लाल शाईने लिहिलं आणि जनुकांच्या तपासणीसाठी पाठवलं. शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणींनाच हा कॅन्सर आईबापाकडून आलेल्या दोषामुळे होतो, पण मावशीचं वय कमी होतं म्हणून बघायचं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, बीआरसीए १ आणि २ या जनुकांमध्ये दोष सापडला नाही. मी पेढे वाटायच्या बेतात होते. समुपदेशक बाई म्हणाल्या, "यांत सापडला नाही, एवढाच याचा अर्थ. मुलीला पस्तिशीच्या आसपास तपासण्या सुरू करायला सांगा, आणि तिला मावशीआजीबद्दल सांगा." मुलगी तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिला मी सगळं सांगितलं, वासासकट.

माझी गाठ तीन सेंटीमीटरची, काखेत एक गाठ हाताला लागत होती. हार्मोनची तपासणी, ईआर आणि पीआर, पॉझिटिव्ह, हर-टू नावाच्या प्रथिनाची निगेटिव्ह. यातला हार्मोनचा भाग चांगला, कारण त्यावर गोळी चालते. ज्यांचे तिन्ही निगेटिव्ह येतात त्यांना ती वाट नसते, माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी तशी होती, एकतीस वर्षांची, नगरची. आधी ऑपरेशन, तेही सगळं न काढता. मला वाटलं होतं, सगळं काढून टाकलं तर रोग मुळासकट जाईल. मी तसं म्हटलंही, "काढूनच टाका, आता कुठं पाजायचंय." सर्जन म्हणाले, गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून पुढे रेडिएशन दिलं तर आयुष्य तेवढंच मिळतं, उगाच जास्त कशाला कापायचं? माझ्या पाचव्या इयत्तेपासूनच्या मैत्रिणीने हे ऐकून सांगितलं, तिच्या नणंदेला कुणी हा पर्याय सांगितलाच नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी सगळं उतरवायला लावलं. यांनी ते रुमालात बांधून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि मी शुद्धीवर येईपर्यंत त्या खिशावरचा हात काढला नाही, असं दिराने सांगितलं. काखेतल्या चौदा गाठी तपासल्या, दोनमध्ये रोग निघाला. म्हणजे आजाराचा दुसरा टप्पा. मी विचारलं, जानेवारीतच आले असते तर त्या दोन वाचल्या असत्या का? डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. खोटं बरं वाटेल असं काही बोलले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार मानते.

काखेत एक नळी ठेवतात, तिच्या टोकाला बाटली. त्यात लालसर पाणी साठतं, ते रोज मोजून लिहायचं. ते मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. दूध डेअरीची जुनी वही होतीच, सकाळ-संध्याकाळ असे रकाने असलेली. लिटरच्या जागी मिली लिहिलं. सकाळ ७०, संध्याकाळ ५५. दिवसाचं पाणी तीसच्या खाली आलं तेव्हा नळी काढली. वही बघून तिथली नर्स म्हणाली, "काकू, फॅट किती लागली?"

किमो कराडजवळच्या एका हॉस्पिटलात घेतली, टाटाने लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे. आधी एकवीस दिवसांच्या अंतराने चार, मग दर आठवड्याला एक अशा बारा. पहिल्या चारमधलं एक औषध लालभडक, वॉर्डात त्याला सगळे लाल पाणीच म्हणतात. लघवीही दिवसभर लाल होते, आधी कुणी सांगितलं नाही तर बाई घाबरून मरेल. मला कुणी सांगितलं नव्हतं. ओकाऱ्यांपेक्षा वासाने जास्त छळलं. फोडणी, शेण, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उतू जाणारं दूध. दुधाच्या घरात राहून दुधाचा वास सहन होईना. पांढऱ्या पेशी घसरल्या की जंतू लागायला वेळ लागत नाही, म्हणून गोठा बंद, धारोष्ण दूध बंद, ताप शंभराच्या वर गेला की रात्र असो की दिवस, हॉस्पिटल गाठायचं. एकदा गेलोही, गणपतीच्या दिवसांत. चार दिवस मोदक दुसऱ्यांनी खाल्ले.

केस सतराव्या दिवशी हातात यायला लागले. पुंजक्यांनी उशीवर पडलेले बघण्यापेक्षा मी मुलालाच मशीन फिरवायला सांगितलं. आत्याबाई माजघरातून बाहेर आल्या आणि किंचाळल्या, "कपाळाला कुंकू असताना बाईची हजामत करतंय व्हय रं!" त्यांच्या लहानपणी त्यांनी विधवांची डोकी अशी झालेली बघितली होती. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःचं एक मऊसूत जुनं लुगडं फाडून त्याचे तीन रुमाल केले आणि माझ्या डोक्याला बांधून दिले. विकतचा टोप आणला होता तो खुंटीवरच राहिला. टोपाखाली घामाने खाज सुटते.

नंतरच्या बारा आठवड्यांच्या औषधाने ओकाऱ्या थांबल्या, पण बोटांची टोकं बधिर झाली. आधी मुंग्या, मग काहीच नाही. ब्लाऊजचं हूक लागेना, मोबाईलवर बोट उमटेना. एका दुपारी कुणी नाही बघून मी गोठ्यात गेले आणि चंद्रीच्या कासेला हात लावला. काही लागलं नाही. गरम की गार, मऊ की घट्ट, काही नाही. पन्हाळीच्या पत्र्याला हात लावल्यासारखं. आजार कळल्यावर मी रडले नव्हते, केस गेल्यावर नव्हते. त्या दिवशी दाव्याला धरून रडले. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी औषधाचं प्रमाण थोडं कमी केलं आणि म्हणाले, बहुतेकींचं बरंचसं परत येतं, महिने लागतात. माझं दीड वर्षाने आलं, अंगठ्याच्या शेजारचं बोट अजून अर्धवटच.

रेडिएशनचं काय सांगायचं? तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. अंगावर शाईचे बारीक ठिपके गोंदतात, त्या नेमावर यंत्र लावतात, पाच-दहा मिनिटं. दुखत नाही. कातडी करपल्यासारखी काळी झाली, नंतर निवळली. जाऊबाईंचं बाळ माझ्याजवळ द्यायचं नाही असं कुणीतरी सांगितलं होतं, ते खोटं, बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत.

मग गोळी. टॅमॉक्सिफेन, रोज एक, पाच वर्षं तरी, गरज वाटली तर दहा. ज्या गोळीवर पुढचं आयुष्य टिकून आहे ती इतकी स्वस्त असावी याचं नवल वाटतं. हिवाळ्यातल्या पहाटेही अंगातून वाफा निघतात, पदराने वारा घेत बसते. पाळी किमोतच गेली. आता पाळी नसताना अंगावरून गेलं तर लगेच दाखवायचं, हे दर खेपेला बजावतात.

२०२२ मध्ये भारतात या आजाराच्या एक लाख ब्याण्णव हजारांच्या आसपास नव्या बायका निघाल्या आणि अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास गेल्या, असा जागतिक अंदाज मुलाने फोनवर दाखवला. माझंच साल ते. म्हणजे त्या पहिल्या आकड्यात मी आहे. टाटाच्या डॉक्टरांचा एक अभ्यासही त्यानेच वाचून दाखवला. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायका घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासून गेल्या. मॅमोग्राफी नाही, नुसता हात. २०२१ ला निष्कर्ष आले तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. मी शेहेचाळीसची होते, तेव्हा माझ्या बाबतीत हे धड लागू होत नाही. तरी हात शिकवता येतो, ही गोष्ट मला दुधवाल्या बाईला पटायला अभ्यास लागला नसता.

डावा हात आता जपावा लागतो. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं पाणी नीट उतरत नाही, सूज येऊ शकते. सुई आणि बीपीचा पट्टा उजव्याच हाताला. ऑपरेशननंतर भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम दिला होता, गोठ्याच्या भिंतीला खडूच्या रेघा मारून केला, त्या रेघा यांनी चुना देतानाही पुसू दिल्या नाहीत. वैरण कापायची नाही, कापलीच तर हातमोजे घालून. चाळीस लिटरची कॅन उचलायची नाही. शेवटी धारेचं यंत्र घेतलं. पण कास धुणं आणि चाचपणं माझ्याकडेच आहे, उजव्या हाताने.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पहाटे मी गोठ्यात होते. जाऊबाई आली, ती चौतीस वर्षांची. मला वाटलं दुधाला आली. ती दारातच उभी. म्हणाली, "बाई, हात धुतलाय का तुमी?" मी म्हटलं, "धुतलाय की. का गं?" तिने पदर बाजूला केला, माझा हात धरला आणि उजव्या बाजूला नेऊन ठेवला. मऊ लागलं, गुळगुळीत, बोटाखालून निसटणारं. मला वाटलं, ही साधी आहे. जिभेवर आलंच होतं. गिळलं, आणि म्हटलं, "दूध घालून आलं की नऊच्या एसटीने जाऊ."

सोनोग्राफीत पाण्याची गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं आणि सहा महिन्यांनी परत बोलावलं. येताना एसटी भरलेली होती, आम्हाला मागची सीट मिळाली. ओंडच्या फाट्यापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "बाई, तुमच्या मावशीला नक्की काय झालं होतं वो?" मी सांगायला लागले, पहिल्यापासून. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा थांबले, त्याला सुट्टे दिले आणि राहिलेलं पुढं सांगितलं.